९११ वर फोन उचलणाऱ्याची परीक्षा कोण घेतं?

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर हेडफोन लावा. मजकूर तोच आहे, बोलताना आलेले ‘अं’ तेवढे काढलेत.)



मागच्या महिन्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. हिंजवडीतल्या एका कॉल सेंटरमध्ये तो रात्रपाळी करतो, अमेरिकन ग्राहकांचे फोन घेतो. त्याचा प्रश्न असा होता : “दादा, अमेरिकेत ९११ चे फोन घेणारे लोक असतात ना, त्यांच्या कामात आणि माझ्या कामात फरक काय? हेडसेट तोच, स्क्रीन तीच, पलीकडचा माणूस तापलेला तोच. त्यांना वेगळं काय शिकवतात?”

प्रश्न ऐकून आधी हसू आलं, मग लक्षात आलं की हा पठ्ठ्या एकटा नाही. अमेरिकेतलं केंद्र सरकार नोकऱ्यांची जी अधिकृत वर्गवारी करतं, तिच्यातही ९११ चे फोन घेणारे ‘कार्यालयीन आणि प्रशासकीय मदतनीस’ या गटात बसवलेत. म्हणजे सेक्रेटरी आणि क्लार्क यांच्या शेजारी. पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान वेगळ्या गटात, संरक्षण सेवेच्या. आणि त्या जवानांना गाडी काढायला सांगणारा माणूस मात्र कारकुनांच्या यादीत!

मग हे काम कारकुनी आहे की नाही? आज आपण हेच बघणार आहोत, पण एका ठरावीक बाजूने. त्या खुर्चीत बसायला किती तासांचं शिक्षण लागतं, परीक्षा कोण घेतं, प्रमाणपत्र किती दिवस टिकतं. ऐकायला रुक्ष वाटेल. पण यातला एक नियम एका मुलीच्या मरणानंतर लिहिला गेलाय, आणि तो का लिहावा लागला हे कळलं की तासांचे आकडे रुक्ष वाटत नाहीत.

आधी काम समजून घेऊ

सिनेमात एकच बाई फोन उचलते आणि तीच रेडिओवर गाडी पाठवते. छोट्या गावांत खरंच तसं असतं. मोठ्या केंद्रात मात्र दोन माणसं असतात. एक कॉल घेणारा, जो तुमच्याशी बोलतो. दुसरा डिस्पॅचर, जो पोलीस, बंब किंवा रुग्णवाहिकेशी रेडिओवर बोलतो. दोघांच्या मध्ये एक सॉफ्टवेअर असतं. कॉल घेणारा जे टाइप करतो, ते ओळीओळीने डिस्पॅचरच्या स्क्रीनवर उमटत जातं.

हे नीट लक्षात ठेवा, कारण फोन करणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार इथूनच येते : “अहो, प्रश्न काय विचारत बसलाय, गाडी पाठवा ना!” गाडी बहुतेक वेळा निघालेली असते. पत्ता आणि झालेला प्रकार कळला की डिस्पॅचर गाडी सोडतो. पुढचे प्रश्न चालू असतात ते त्या गाडीतल्या लोकांसाठी आणि तुमच्यासाठी.

आणि पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी पत्त्याचाच असतो. काय झालं, हा नंतरचा. कारण फोन मध्येच तुटला, बॅटरी गेली, कोणी हिसकावून घेतला, तरी पत्ता कळलेला असला की कोणीतरी पोचू शकतं. पत्ताच नसेल तर बाकीची सगळी माहिती असून उपयोग नाही.

अमेरिकेत अशी पाच हजारांहून जास्त केंद्रं आहेत. कुठे शहराचं, कुठे काउंटीचं. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. मोबाइलवरून लावलेला फोन ज्या टॉवरला लागायचा, त्या टॉवरवरून वर्षानुवर्षं ठरायचं की तो कोणत्या केंद्रात वाजणार. तुम्ही चालत्या गाडीत असाल आणि जिल्ह्याच्या हद्दीवर असाल, तर फोन शेजारच्याच केंद्रात जाऊ शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, थोड्या वेळात लागणार आहे.

नंबर आधी आला, शिक्षण मागाहून

जगातला पहिला असा नंबर लंडनचा, ९९९. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच बायका मेल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावायचा प्रयत्न केला, पण टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत त्याचा कॉल अडकून राहिला. त्यावरून गदारोळ झाला आणि ३० जून १९३७ ला ९९९ सुरू झाला.

अमेरिकेला आणखी तीस वर्षं लागली. पहिला ९११ कॉल १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामा राज्यातल्या हेलिव्हिल नावाच्या छोट्या गावात लावला गेला. तो चाचणीचा कॉल होता, पोलीस ठाण्यात घेतला गेला, आणि उचलणारे होते तिथले संसद सदस्य टॉम बेव्हिल.

इथे एक गोष्ट बघा. एकच नंबर सगळ्यांना लागला पाहिजे, हा टेलिफोन कंपनीचा प्रश्न होता आणि तो सुटला. पण फोन उचलणारा कोण असावा, त्याने काय विचारावं, त्याला किती शिकवावं, हे ज्याने त्याने आपापल्या गावात ठरवायचं होतं. कुठे चांगलं शिकवलं जायचं. कुठे नव्या माणसाला जुन्याच्या शेजारी बसवायचं आणि म्हणायचं, बघ आणि शिक. वर्षानुवर्षं असंच चाललं. फ्लोरिडातही.

१७ जानेवारी २००८

फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्ट गावात डेनिस अँबर ली ही २१ वर्षांची मुलगी राहायची. नवरा कामावर, घरी दोन लहान मुलं. त्या दिवशी भरदुपारी एका माणसाने तिला घरातून पळवून नेलं. तिचे वडील शेजारच्या काउंटीत पोलीस डिटेक्टिव्ह होते, म्हणजे पोलिसांचंच घर.

गाडीत असताना तिने काय केलं, तर पळवणाऱ्याचाच मोबाइल हाती लागला त्यावरून ९११ लावला. त्याला कळू नये म्हणून ती त्याच्याशी बोलल्यासारखं करत राहिली आणि पलीकडच्या प्रश्नांची उत्तरं त्या बोलण्यात पेरत राहिली. काही मिनिटं तो कॉल चालू होता.

नंतर त्याच संध्याकाळी एका बाईने ९११ लावला. ती हायवेवर गाडी चालवत होती. शेजारच्या गाडीतून किंकाळ्या आणि काच बडवल्याचा आवाज येत होता. ती लाइनवर राहिली, आपण कुठल्या रस्त्यावर आहोत, कुठला चौक आला, गाडी कुठे वळली, हे सांगत राहिली. फोन करणाऱ्याने कसं वागावं याचा धडा द्यायचा तर हा कॉल ऐकवावा.

पण हद्द ओलांडली होती, त्यामुळे तिचा फोन शेजारच्या काउंटीच्या केंद्रात लागला. तिथे तो घेतला गेला, माहितीही कळली. पण ती रस्त्यावरच्या गस्तीच्या गाड्यांपर्यंत गेलीच नाही. पोलिसांच्या गाड्या त्या भागात होत्या. डेनिसला शोधायला सगळे बाहेर पडले होते. फक्त ती गाडी आत्ता कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी डेनिसचा मृतदेह सापडला.

मी इथे कोणाला दोष द्यायला बसलेलो नाही. पण तुटलं नेमकं कुठे ते पाहा. नंबर लागला. फोन उचलला गेला. बोलणारी हुशार होती. कॉल घेणाऱ्या टेबलापासून रेडिओच्या टेबलापर्यंतच्या काही फुटांत माहिती हरवली. तेवढ्या अंतरात काय करायचं, कोणी कोणाला सांगायचं, कुठली गोष्ट आधी, हे शिकवावं लागतं आणि त्याचा सराव करून घ्यावा लागतो. त्या वेळी फ्लोरिडा राज्यात ते शिक्षण सक्तीचं नव्हतं.

डेनिसचा नवरा नेथन ली याने तिच्या नावाने एक संस्था काढली आणि कायद्यासाठी मागे लागला. २००८ मध्येच पहिला कायदा झाला, तिच्याच नावाचा, पण त्यातलं प्रशिक्षण ऐच्छिक होतं. २०१० मध्ये दुसरा झाला. त्याने १ ऑक्टोबर २०१२ पासून राज्यात ९११ चे फोन घेणाऱ्यांना प्रमाणपत्र सक्तीचं केलं.

२३२ तास म्हणजे किती?

फ्लोरिडाचा नियम आज असा आहे. किमान २३२ तासांचं प्रशिक्षण. आठवड्याला ४० तास धरले तर जवळजवळ सहा आठवडे. अभ्यासक्रम राज्याच्या शिक्षण खात्याने ठरवलेला. मग राज्याची परीक्षा. प्रमाणपत्र देतं आरोग्य खातं. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी मधल्या काळात २० तासांचं जादा शिक्षण. ज्याचं प्रशिक्षण अजून चालू आहे, त्याला फोन घेता येतात, पण प्रमाणित माणसाच्या थेट देखरेखीखाली. एकट्याने नाही.

या तासांत काय असतं? रेडिओवर कसं बोलायचं. पोलिसांचा कॉल, आगीचा कॉल आणि आजारपणाचा कॉल यात प्रश्न कसे बदलतात. लहान मूल फोनवर असेल तर काय, ऐकू न येणारा माणूस असेल तर काय, आत्महत्येच्या उंबरठ्यावरचा कोणी असेल तर काय. हरवलेल्या मुलाची माहिती कशी घ्यायची. कायदा काय म्हणतो, कुठली माहिती कोणाला द्यायची नाही. आणि स्वतःचा ताण कसा ओळखायचा.

आता माझ्या हिंजवडीच्या मित्रा, पहिला फरक इथे आहे. तुझ्या कामात ग्राहकाचं समाधान झालं नाही तर रेटिंग कमी येतं. वाईट दिवस जातो. इथे ‘मी सांगायला विसरलो’ या वाक्याला माफी नाही, आणि म्हणून राज्य म्हणतं की आम्ही परीक्षा घेतल्याशिवाय तुला त्या खुर्चीत एकट्याला बसू देणार नाही.

राज्य बदललं की नियम बदलला

तुम्हाला वाटेल की एवढं झाल्यावर अख्ख्या अमेरिकेत एकच नियम झाला असेल. नाही झाला. अमेरिकेत सगळ्या देशाला लागू असलेली, केंद्र सरकारची अशी सक्तीची परीक्षा नाही. प्रत्येक राज्य आपलं आपलं ठरवतं.

कॅलिफोर्नियात पोलिसांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणारा एक आयोग आहे. त्याच्या कार्यक्रमात असलेल्या खात्यांमध्ये डिस्पॅचरला नोकरी लागल्यापासून वर्षभराच्या आत किमान १२० तासांचा मूळ अभ्यासक्रम करावा लागतो. तीन आठवडे झाले ते. नंतर दर दोन वर्षांनी २४ तास. न्यू जर्सीत मूळ अभ्यासक्रम ४० तासांचा, आणि आजारपणाचे कॉल हाताळायचं शिक्षण त्याहून वेगळं. आणि काही राज्यं अशीही आहेत जिथे राज्याची सक्तीच नाही, सगळं स्थानिक खात्यावर सोडलेलं.

म्हणजे एका राज्यात सहा आठवडे, एकात तीन, एकात एक. संकट मात्र सगळीकडे सारखंच. एडिसनमध्ये हार्ट अटॅक आला आणि मायामीत आला, यात हृदयाला काही फरक पडत नाही.

राज्यांचे नियम कमी पडतात तिथे व्यावसायिक संस्थांचे निकष असतात. दोन मोठ्या संस्था आहेत. एक आपको, १९३५ पासूनची. दुसरी नेना, १९८२ पासूनची. नेनाचा निकष असा की ९० टक्के कॉल १५ सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. पण निकष आणि कायदा यांत फरक आहे. निकष पाळला नाही म्हणून कोणाचा परवाना जात नाही.

आजारपणाच्या कॉलचं वेगळं कार्ड

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. पूर्वी ९११ वर कोणी बेशुद्ध पडल्याचा फोन आला, तर पत्ता घ्यायचे, रुग्णवाहिका पाठवायचे आणि फोन ठेवायचे. रुग्णवाहिका पोचेपर्यंतची मिनिटं मोकळी. सॉल्ट लेक सिटीत जेफ क्लॉसन नावाचे एक डॉक्टर होते, तिथल्या अग्निशमन दलाशी जोडलेले. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी या मिनिटांसाठी कार्डं लिहिली. पोटदुखी, छातीत दुखणं, बुडणं, भाजणं, बाळंतपण, प्रत्येकासाठी एक कार्ड. त्यावर ठरलेले प्रश्न, आणि उत्तरांप्रमाणे ठरलेल्या सूचना. त्याच कार्डांचं आजचं रूप संगणकावर चालतं आणि अनेक देशांत वापरलं जातं. किती गंभीर आहे त्याप्रमाणे कॉलला अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा अशी नावं पडतात, आणि सगळ्यात तातडीच्याला एको.

हे वापरायचं तर वेगळं प्रमाणपत्र लागतं, इमर्जन्सी मेडिकल डिस्पॅचरचं. मूळ वर्ग तीन दिवसांचा, २४ तासांचा. शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला ८० टक्के. प्रमाणपत्र दोन वर्षं टिकतं. पुढे चालू ठेवायचं तर त्या दोन वर्षांत २४ तासांचं शिक्षण आणि सीपीआरचं चालू कार्ड दाखवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, प्रश्न स्क्रीनवर लिहिलेले आहेत, ते वाचायला प्रमाणपत्र कशाला? मलाही आधी तेच वाटलं. पण एक उदाहरण घेऊ.

एखाद्याचं हृदय अचानक बंद पडलं, तर छाती दाबायला सुरुवात न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णवाहिकेला आठ-दहा मिनिटं लागली तर हिशेब तुम्हीच करा. म्हणून कॉल घेणाऱ्याला दोन प्रश्नांत निर्णय घ्यायला शिकवतात. माणूस शुद्धीवर आहे का? नाही. श्वास नीट चालू आहे का? नाही. दोन ‘नाही’ आले की लगेच छाती दाबायला लावायची.

अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. हृदय थांबलं तरी सुरुवातीची काही मिनिटं माणूस आचके दिल्यासारखा, मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसा, अधूनमधून श्वास ओढतो. घरचे लोक फोनवर सांगतात, “हो हो, श्वास चालू आहे त्यांचा.” ते खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तसं दिसतं. कॉल घेणाऱ्याला डोळ्यांनी काहीच दिसत नाही. त्याने फोनवरचा आवाज ऐकून, “प्रत्येक श्वासाला मला ‘आत्ता’ असं सांगा” असं काहीतरी विचारून, दोन श्वासांतलं अंतर मोजून ओळखायचं की हा श्वास नाही, हे आचके आहेत. स्क्रिप्टमध्ये प्रश्न असतो. उत्तर ऐकण्याचा कान शिकून येतो.

मग मोजणी सुरू. जमिनीवर पाठीवर झोपवा, छातीच्या मध्यभागी तळहात, त्यावर दुसरा हात, जोरात आणि भरभर. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला निदान पाच सेंटिमीटर खोल. मी एकदा पुतळ्यावर करून पाहिलंय. दोन मिनिटांत दंड भरून येतात. आणि इथे पुतळा नाही, फोनवरच्या बाईचा नवरा आहे. ती रडतेय, म्हणतेय मला जमत नाही. तिला थांबू द्यायचं नाही, तिच्याबरोबर मोठ्याने आकडे मोजायचे, रुग्णवाहिका दारात येईपर्यंत.

याच शिक्षणातली आणखी एक युक्ती सांगतो, ती घरीही चालते. घाबरलेल्या माणसाला “शांत व्हा” म्हणून काही होत नाही. उलट तो जास्त चिडतो. शिकवतात असं, की एकच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच आवाजात, कारणासकट पुन्हापुन्हा म्हणायचं. “दार उघडून ठेवा, म्हणजे त्यांना आत येता येईल.” पुन्हा तेच. पुन्हा तेच. शब्द बदलले की घाबरलेल्या डोक्याला ती नवी सूचना वाटते. तेच शब्द आले की तिसऱ्या-चौथ्यांदा ते आत शिरतात.

आणि हे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. त्यातले काही नंतर तपासनीस ऐकतो, प्रश्न सुटला का, सूचना दिली का, याचे गुण देतो. हे तुझ्या कॉल सेंटरमध्येही होतं, मला माहितीये. फक्त इथे तपासायची गोष्ट वेगळी.

वर्गात बसण्याआधी आणि नंतर

प्रशिक्षणाआधी निवड असते. पदवी बहुतेक ठिकाणी लागत नाही, बारावीच्या बरोबरीचं शिक्षण पुरतं. पण चाचणी खास असते. कॅलिफोर्नियाची बघा : भाषा, तर्क, स्मरणशक्ती आणि बारीक फरक चटकन दिसणं, या गोष्टी तपासतात. अनेक ठिकाणी कानात एक ऐकवतात, स्क्रीनवर दुसरं दाखवतात आणि टाइप तिसरंच करायला लावतात. शिवाय तुमच्या पूर्वेतिहासाची चौकशी होते, कारण समोरच्या संगणकावर पोलिसांच्या नोंदी उघडतात.

वर्ग संपला, परीक्षा झाली, तरी लगेच एकटं सोडत नाहीत. प्रशिक्षक शेजारी बसतो, त्याच कॉलला स्वतःचा हेडसेट जोडून. तुम्ही बोलता, तो ऐकतो, आणि अडलात तर कॉल हातात घेतो. आठवड्यांमागून आठवडे असं चालतं. रोज लेखी शेरा. इथे बरेच जण गळतात. परीक्षा पास झालेले, हुशार, पण फोनवर किंकाळी आली की बोटं थांबणारे. तो त्यांचा कमीपणा नाही. हे कामच सगळ्यांसाठी नाही, आणि ते लवकर कळलेलं बरं, त्यांच्यासाठीही आणि फोन करणाऱ्यासाठीही.

प्रमाणपत्र काय देत नाही

एवढं सगळं करून कागदावर तो माणूस ‘कार्यालयीन मदतनीस’. २०१९ पासून अमेरिकन संसदेत ही वर्गवारी बदलायची विधेयकं आणली गेली. यात मानाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा एक प्रश्न आहे. कारकुनाच्या मनावर कामाचा आघात होतो हे सहसा कोणी गृहीत धरत नाही.

नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या मिशेल लिली आणि त्यांच्या सहकारी हेदर पियर्स यांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ९११ चे फोन घेणाऱ्यांवरच. त्यांनी दाखवलं की घटनेच्या जागी शरीराने हजर नसूनही या लोकांना तीव्र मानसिक त्रास होतो, आणि त्याचा आघातानंतरच्या लक्षणांशी संबंध असतो. विचार करा ना. जवान घटनास्थळी जातो, काय झालं ते बघतो, शेवट त्याला कळतो. फोनवरचा माणूस छाती दाबायला लावतो, दार उघडल्याचा आवाज येतो, कोणीतरी म्हणतं “आले, आले”, आणि फोन कट. पुढे काय झालं? कोणी सांगत नाही. पुढचा कॉल वाजत असतो.

म्हणून फ्लोरिडासारख्या अभ्यासक्रमांत ताणावरचा धडा असतो. धडा असणं आणि केंद्रात माणसं पुरेशी असणं, सुट्टी मिळणं, समुपदेशक मिळणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र पहिली देतं, दुसरीची हमी देत नाही.

आपल्याला याचा काय उपयोग?

आपल्याकडे आज ११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका अशी मदत मागता येते, आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, २०१४ पासून. नंबर वेगळा, व्यवस्था वेगळी, पण फोन उचलणाऱ्याची पहिली गरज तीच : पत्ता. आणि आपला पत्ता कसा असतो? “मारुतीच्या देवळामागची गल्ली, वडापावच्या गाडीपासून डावीकडे.” गावात कळेल. केंद्रात बसलेल्या माणसाला कोणता मारुती कसं कळणार?

तेव्हा ही यादी मोबाइलमध्ये लिहून ठेवा :

– आधी तालुका आणि गाव किंवा शहर, मग भाग, मग खूण. लहानाकडून मोठ्याकडे जाऊ नका, मोठ्याकडून लहानाकडे या.

– एक्सप्रेसवे किंवा हायवेवर असाल तर किलोमीटरचा फलक वाचा आणि कुठल्या बाजूची लेन ते सांगा. मुंबईकडे की पुण्याकडे, यावर गाडी कुठून वळवायची ते ठरतं.

– प्रश्न चालू असताना चिडू नका. प्रश्नांमुळे गाडी थांबत नाही.

– समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. स्पीकरवर टाका, हात मोकळे होतात.

– चुकून लागला तर कट करू नका. ‘चुकून लागला’ एवढं सांगा. नाहीतर परत फोन करण्यात त्यांची मिनिटं जातात.

– माणूस बेशुद्ध आणि श्वास आचक्यांसारखा असेल तर ‘श्वास चालू आहे’ म्हणू नका. जे दिसतंय ते सांगा : आचके देतोय.

आणि ज्यांचे आई-बाबा मुलीकडे किंवा मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला जातात त्यांच्यासाठी. दुपारी घरात दोघंच असतात, मुलं ऑफिसात. त्यांना दोन गोष्टी शिकवून ठेवा. घराचा इंग्रजी पत्ता फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा. आणि ९११ लावल्यावर इंग्रजी अडलं तर भाषेचं नाव सांगायचं, “मराठी, इंडिया”. तिकडची केंद्रं टेलिफोनवर दुभाषी जोडून घेतात. लाइनवर थांबायचं, घाबरून ठेवायचं नाही. इंग्रजी येत नाही म्हणून फोनच न लावणं, ही सगळ्यात वाईट गोष्ट.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हेडसेट तोच आहे. फोन घेणं, टाइप करणं, चिडलेल्या माणसाला सांभाळणं, हे तुला येतं आणि तिकडच्या निवड चाचणीत तेही बघतात. वरचे २३२ तास आहेत ते बाकीच्यासाठी : श्वास आणि आचके यांतला फरक कानाने ओळखण्यासाठी, आणि एका टेबलावरची माहिती दुसऱ्या टेबलावर पोचवल्याशिवाय न थांबण्यासाठी. त्यातला निदान पहिला भाग तू इथेही शिकू शकतोस. जवळच्या हॉस्पिटलमध्ये किंवा रेड क्रॉसमध्ये सीपीआरचा वर्ग विचारून बघ, काही तासांचंच काम आहे. करून आलास की व्हॉइस नोट टाक, सगळ्यांना ऐकवू.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि आपलं गाव, तालुका, खूण एकदा मोठ्याने म्हणून बघा. अर्ध्या मिनिटात बसतं का?